जाऊबाईंचं रक्त, माझं नाव

सुरतेत माणसं चेहऱ्यावरून न ओळखणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो आमच्या कतारगामच्या सोसायटीत तळमजल्यावर रक्त तपासायची लॅब चालवायचा. आम्ही त्यांना लॅबवाले भाऊजी म्हणायचो. नमस्कार केला तरी त्यांची नजर आपल्या कोपरावर, शीर कुठं सापडते ते बघत. खिशात कायम शिंप्याची टेप. एका लग्नात त्यांनी भर पंगतीत नवरदेवाच्या मामांची कंबर मोजली, तेव्हापासून त्यांना आमंत्रणं यायची ती जेवणं उरकल्यानंतरची. चरबीचं त्यांचं तत्त्वज्ञान कापड मार्केटमधलं. रक्तात चरबी स्वतःच्या पायांनी फिरत नाही, तिला वाहणारे प्रथिनांचे हमाल असतात. एक जात गठ्ठे नेऊन नसांच्या गल्लीत टाकून येते, दुसरी ते उचलून परत आणते. "वहिनी, नुसते गठ्ठे काय मोजता, हमाल मोजा," म्हणायचे. मला जांभई यायची.

मी तेव्हा चाळिशीची, भरल्या अंगाची, आणि त्यालाच देखणेपण समजणारी. ह्यांनी माझी तपासणी ठरवली ती नेमकी चंदनी पडव्याच्या तोंडावर. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी अख्खी सुरत तुपात न्हालेली माव्याची घारी खाणार आणि मी रिपोर्ट घेऊन बसणार? अक्कल लढवली. धाकटी जाऊ काडीसारखी. तिला माझ्या नावानं उपाशीपोटी खाली धाडलं. चेहरा कुठं बघतात ते!

दोन दिवसांनी भाऊजी स्वतः जिना चढून आले. जाऊ चहा टाकत होती. नळीत रक्त खाली बसल्यावर वर दुधासारखा थर आला, म्हणाले; गठ्ठे टाकणारे हमाल बेसुमार, उचलणारे नावाला, साखरही चढलेली. बोलता बोलता नजर माझ्या कोपरावर आली आणि ते थांबले.

"वहिनी, हा हात तो नव्हे."

मी हसण्यावारी न्यायला बघितलं. ते हसले नाहीत. ज्या बाईचं हे रक्त आहे तिनं हेळसांड केली तर तिचं हृदय फार वर्षं साथ देणार नाही, एवढंच म्हणाले. जाऊचे वडील चाळिशीतच छातीत कळ येऊन गेलेले. चहा उतू गेला, तिनं गॅस बंद केला नाही. खरं सांगते, मी तरीही खोटं रेटणार होते. सासूबाई आतल्या खोलीत होत्या. पण जाऊ माझ्याकडे बघत होती.

"तिचं आहे," मी म्हटलं.

त्यांनी टेप माझ्या हातात दिली. मी जाऊची कंबर मोजली. हातपाय काड्या, आणि पदराखाली पोटावर चरबीचा चांगला घेर. रोज एका घरात वावरून मला दिसलं नव्हतं. भाऊजींनी रिपोर्टवरचं माझं नाव खोडून तिचं लिहिलं आणि आत जाऊन सासूबाईंना सांगितलं, "माझ्याच हातून नळ्यांची अदलाबदल झाली." पुढं वर्षभर सोसायटी त्यांच्या लॅबला नावं ठेवत होती. निम्मी गिऱ्हाइकं तुटली. मीही चारचौघींत मान डोलवायची, एवढी मी शूर.

जाऊ औषधाला लागली, तापीकाठी चालायला लागली. भाऊजी लॅब बंद करून मुलाकडे नवसारीला गेले, तरी ती आपला रिपोर्ट त्यांना टपालानं पाठवायची. उलट कार्ड यायचं, एका ओळीचं: चालत राहा. गेल्या दिवाळीपासून कार्ड नाही. जाऊ म्हणते, टपालाचं काही खरं राहिलं नाही. मीही हो म्हणते. नवसारीला फोन करायचं नाव दोघींपैकी कुणीच काढत नाही. सकाळी ती चप्पल घालून निघते, आणि माझे गुडघे नको म्हणत असले तरी हल्ली मीही तिच्या मागून जाते.