परफ्यूम, म्हैस आणि लिंबाचा पाला

आमच्या भोकरदनच्या कॉलेजात स्टाफरूमचं कपाट उघडलं की जुने पेपर अंगावर पडतात, आणि कुणी चहा मागवला की किस्से. त्यातले निम्मे गजाननचे.

गजानन आमचा लॅब असिस्टंट. पहाटे म्हशीची धार काढून यायचा, त्यामुळे गोठ्याचा वास त्याच्या आधी स्टाफरूममध्ये पोचायचा. या वासापायी दोन स्थळं परत गेली होती. तो हसण्यावारी न्यायचा, पण चौतिशीत माणूस किती हसणार? मला त्याचं वाईट वाटायचं.

*

तिसऱ्या स्थळाआधी त्याने जालन्याहून परफ्यूम आणला. सवय व्हावी म्हणून पहाटेपासूनच फवारायला लागला. चौथ्या दिवशी तोंड पाडून आला.

"सर, म्हैस वळखून न्हाई राह्यली. दोन दिस झाले, पान्हाच सोडंना. काल तर लाथ मारली."

म्हणजे तिसरा नकार म्हशीचा!

*

इंग्रजीच्या देशमुख सरांना शब्दांची कुळं काढायचा नाद. 'बस' म्हणजे मूळ लॅटिन 'ऑम्निबस', 'सर्वांसाठी', हे स्टँडवर आम्हाला समजावताना त्यांची सिल्लोडची बस बाकी सर्वांना घेऊन निघून गेली.

गजाननला ते म्हणाले, "अरे, परफ्यूमही मूळचा लॅटिन. पर म्हणजे आरपार, फ्यूम म्हणजे धूर. आधी लोक सुगंधी लाकडं, डिंक जाळून धूर करायचे. बाटली फार नंतर आली."

गजानन विचारात पडला. "मंग आमची माय डास पळवायला गोठ्यात कडू लिंबाचा पाला जाळती, ते परफ्यूमच की."

"बरोबर," सर म्हणाले. तिथेच चुकलं.

*

रविवारी मुलगी बघायला गजाननसोबत सर आणि मी गेलो. हा पठ्ठ्या गोठ्यात धूर करून, त्यात पाच मिनिटं उभा राहून आला होता. जीपच्या सगळ्या काचा खाली केल्या, तरी डोळ्यांतून पाणी. बैठकीत मुलीच्या मामांना शिंकांवर शिंका. सर छताकडे बघत बसले.

मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली आणि दारातच थबकली. मला वाटलं, गेलं हेही स्थळ.

"काही विचारायचं आसंल तर विचार, बाई," तिचे वडील म्हणाले.

तिने सरळ गजाननकडे पाहिलं.

"पाला वला व्हता का?"

"सकाळीच तोडल्ता," गजानन खाली मान घालून म्हणाला.

"सावलीत वाळवून घेत जा. मंग डोळ्याला झोंबत न्हाई."