हलका दोर

नव्वदच्या दशकातील एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मित्र त्र्यंबकजवळच्या डोंगरावर दोराने कडा उतरण्यासाठी गेलो होतो. तिथे शेळ्या चारणारी एक बाई माझ्यापाशी आली. तिचे करडू कड्यातल्या कपारीत अडकले होते.

"दादा, उगाच खालीवर करताय, तर मला सोडा की!"

मी नको म्हणेपर्यंत तिने पदर कमरेला खोचलाही होता. बैलाचा कासरा पारखावा तसे दोराला हिसडे देऊन तिने मान हलवली. आम्ही पट्टे बांधून तिला खाली सोडले.

थोड्या वेळाने खालून "ओढा!" अशी हाक आली. आम्ही दोर ओढला, तर त्याला वजनच नव्हते. बाई पडली, असे वाटून मी काठावरून खाली वाकलो. एवढ्यात पट्ट्यांत बांधलेले करडू काठावर आले. स्वतःला सोडवून तिने आधी त्याला पाठवले होते.

दोर पुन्हा सोडून तिला वर घेतल्यावर मी विचारले, "मावशी, दोर का सोडलात? पडला असतात तर?"

"ते लय भ्यालं व्हतं," करडाचे पाय चोळत ती म्हणाली. "मला तर तुम्ही घेणारच व्हते ना!"

इतका भरवसा माझ्यावर तोवर कुणी टाकला नव्हता; मीसुद्धा नाही.