मंडळाचा काटा आणि वरची मूठ

व्यापारी मंडळाच्या इमारतीत मी पहिल्यांदा गेले ती रागातच गेले. अकोल्याचं हे मंडळ म्हणजे कापसाचे अडते, डाळ मिलचे मालक, सरकी-ढेपवाले, अशा मोठ्या लोकांचं. आम्ही माळ्याची माणसं. मळा शहराबाहेर, आणि दुकान म्हणजे जुन्या शहराच्या बाजारात अंथरलेलं पोतं. गाडीची काच खाली करून त्यांनी कधी आमच्याकडून मेथीची जुडी घेतली असेल, तेवढाच काय तो संबंध. अशा मंडळाने एक दिवस बाजारात माणूस पाठवला आणि सांगितलं, भाजी-फुलं पिकवणाऱ्या घरांच्या धंद्यासाठी आम्ही वेगळा विभाग काढलाय, या. मला वाटलं, पेपरात फोटो छापायला आमची तोंडं हवीत.

नवरा म्हणाला, "जाऊन तं पाहून घे. नाही पटलं तं उठून ये."

विभाग म्हणजे एक खोली, एक कुरकुरणारा पंखा आणि मंडळाचे सचिव. साठीचे गृहस्थ, आयुष्यभर डाळ मिलमध्ये माल पारखलेले. मी पिशवीतून वाळवलेल्या वांग्याच्या फोडी काढून त्यांच्या टेबलावर आपटल्याच म्हणा. वांगी एकदम निघाली की भाव पडतो. मग फुकापासरी विकण्यापेक्षा आम्ही त्यांच्या फोडी करतो, मिठाच्या पाण्यातून काढतो आणि गच्चीवर कडक उन्हात वाळवतो. पावसाळ्यात भाजी महागली की दाण्याचा कूट घालून त्यांचा असा रस्सा होतो की भाकरी कमी पडते. साहेबांनी चव घेतली नाही. एक फोड बोटांत धरून मोडली. ती कट्‌कन तुटली.

"ओल नाही अजिबात," ते म्हणाले. "ताई, हा दुकानात ठेवाचा माल आहे. घरात काहून दडवून ठेवला?"

खरं सांगते, माझा निम्मा राग तिथेच गेला. वीस वर्षांत माझ्या मालाला कोणी माल म्हटलं नव्हतं.

त्यानंतर त्यांनी मला पार कामाला लावलं. खाण्याच्या वस्तूंचा परवाना, लेबल, पाकिटं. कोणत्या कचेरीत कोणाला भेटायचं हे सांगायला मंडळाचा माणूस सोबत यायचा, म्हणून मला कोणी "उद्या या" म्हटलं नाही. एक इलेक्ट्रॉनिक काटाही त्यांनी वापरायला दिला. आणि मग महिन्याच्या बैठकीत अमरावतीच्या एका किराणा व्यापाऱ्यासमोर मला बसवलं. त्याची पाच दुकानं. त्याने शंभर-शंभर ग्रॅमची दोनशे पाकिटं मागितली, नमुन्यादाखल. म्हणाला, "हा माल बरोबर आला तं दर महिन्याले घेईन. अन् विभागातल्या बाकीच्या घरायचाही पाहीन. नाही आला तं पुन्हा या खोलीत येणार नाही."

बाकीची घरं म्हणजे सात. कोणाची वाळवलेली मेथी, कोणाची मिरची, कोणाच्या गुलाबाच्या पाकळ्या. सातही जणी माझ्याच ओळीत बाजारात बसणाऱ्या. परीक्षा माझी आणि निकाल सगळ्यांचा. पण मला धाकधूक म्हणून नव्हती. माझा माल मला ठाऊक होता.

ठरल्या दिवशी मी, नवरा आणि सचिव साहेब तीन खोकी घेऊन बसने अमरावतीला गेलो. व्यापाऱ्याने एक पाकीट काट्यावर ठेवलं. एकशे चौदा. दुसरं, एकशे एकवीस. तिसरं, एकशे बारा.

"ताई, हे काय?"

मी ऐटीत म्हटलं, "कमी नाही जी. जास्तच आहे."

माझ्या हाताची सवय ती. बाजारात वजन झालं की वरून दोन मिरच्या, कोथिंबिरीच्या चार काड्या, वाटाण्याची मूठ टाकल्याशिवाय पिशवी गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची नाही, हे मी आईकडे पाहून शिकले. काट्यावर शंभर आले, की वरची मूठ पाकिटात गेलीच. प्रत्येक पाकिटात. मला त्यात चूक दिसलीच नव्हती.

त्याने खोकी सरकवली. "वापस न्या."

अंगाचा नुसता तिळपापड झाला! "चोरी केली असती तं समजलं असतं," मी ओरडले. "जास्त देल्ल्यावर कोणी माल वापस करते का?"

"बाजारात तुमी समोर बसता," तो शांतपणे म्हणाला. "माह्या दुकानात फक्त पाकीट बसते. एकीले एकशेवीस गेलं अन् दुसरीले एकशेबारा, तं दुसरी म्हणन, मले लुटलं."

साहेबांनी त्याच्याकडे आठ दिवस मागून घेतले. "मंडळाच्या शब्दावर देतो," तो म्हणाला, "पण एकदाच."

परतीच्या बसमध्ये मी वाट पाहत होते की आता साहेब मला झापतील. शरमेने मान वर होत नव्हती. सात जणींना काय तोंड दाखवू? साहेब अकोला आल्यावर एवढंच बोलले, "मंडळाच्या एका सभासदाच्या मिलमधला पॅकिंगचा ओटा उद्या मोकळा करून देतो. सील मारायची मशीन बी आहे तिथं."

दुसऱ्या दिवशी त्या ओट्यावर बसून मी दोनशेही पाकिटं फोडली. प्रत्येकातून मूठ काढायची, शंभरावर आणायचं, पुन्हा सील. पहिल्या दहा पाकिटांतच माझे डोळे भरून आले.

"काहून वं, रडून राहिली?" नवऱ्याने विचारलं.

"कोणाच्या ताटातलं काढून घेतल्यासारखं वाटून राहिलं."

तो सील मारत राहिला. दुपार कलली तेव्हा काढलेल्या फोडींचा माझ्या शेजारी ढीग झाला होता. सहज म्हणून तो मी काट्यावर घातला. तीन किलो. माय वं! तीस पाकिटं होतील एवढं. पोतंभर वांगी चिरून, गुडघे दुखेस्तोवर गच्चीचा जिना चढून केलेला माल, आणि तो मी कोणाला दिला हेही मला कळलं नसतं. बाजारात देते ते माणूस बघून देते, आणि देतच राहीन. इथे मी कोणाला बघितलं होतं? डोळे पुसले आणि नवऱ्याला म्हटलं, आणखी तीस लेबलं काढा.

आठव्या दिवशी पुन्हा अमरावती. शंभर. शंभर. एकशे एक. शंभर. दहा पाकिटं झाल्यावर व्यापाऱ्याने काटा बाजूला केला.

"पुढच्या बैठकीले त्या सातही जणींले घेऊन या," तो म्हणाला. मग त्याचं लक्ष चौथ्या खोक्याकडे गेलं. "हे काय आणखी? ऑर्डर दोनशेची होती, ताई."

"हो. हे तीस मी मागच्या खेपेले तुमाले फुकट देऊन राहिली होती. तुमी वापस केले. आता पैसे लागतीन."

त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब छताकडे बघत होते. मग तो हसला आणि त्याने बिल दोनशे तीसचं केलं.