तांब्याच्या हंड्यातलं पाणी

बाबांची बायपास झाल्यावर डॉक्टर म्हणाले, एखादा शांत छंद लावा. आमच्या पार्ल्यात शांत छंद म्हणजे सोसायटीच्या मीटिंगला न जाणं. ते बाबांना जमेना, म्हणून मी घाटकोपरच्या एका दुकानातून काचेची टाकी आणि दहा निऑन टेट्रा घेऊन आले. बोटाच्या पेराएवढे मासे, अंगावर निळी रेघ, शेपटीकडे लाल.

एक नंबरचे घाबरट. एकट्याने काही करायची हिंमत नाही. एक वळला की दहाच्या दहा वळणार, आणि का वळलो ते एकालाही ठाऊक नसणार. अंधार झाला की अंगावरचा रंगसुद्धा उडायचा. सकाळी दिवा लावला की काही वेळ पांढरेफटक दिसायचे, मग हळूहळू निळे व्हायचे. रविवारी बाबा सुरमईची तुकडी घेऊन टाकीसमोरच बसत आणि म्हणत, "बघ गं, किती गोड आहेत."

"बाबा, त्यांच्या नातेवाईकाला खाताय. निदान पाठ तरी फिरवा."

माशांना खाणं घालायचं काम बाबांचं. त्यांचा हात थरथरतो, त्यामुळे चिमटीतून जरा जास्तच पडायचं. पाणी बदलायचं काम माझं. दुकानदाराने बजावलं होतं, नळाचं पाणी थेट ओतू नका, रात्रभर ठेवलेलं घाला. आमच्याकडे रात्रभर ठेवलेलं पाणी असतंच, तेही चिंचेने घासून लखलखीत केलेल्या तांब्याच्या हंड्यात. बाबांच्या पचनासाठी मी तो हौसेने आणला होता. म्हटलं, चला, माशांचीही चैन.

तिसऱ्या आठवड्यात एक मेला. दोन दिवसांनी आणखी दोन. उरलेले कोपऱ्यात एकमेकांना चिकटून राहायला लागले. मी बाबांवर उखडले. "किती कोंबता हो त्यांना! पाणी नासतंय त्याने. तुम्हीच मारताय त्यांना!" अगदी हेच शब्द. खाण्याची डबीही हातातून काढून घेतली. बाबा नुसतं "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली खुर्ची टाकीसमोरून उचलून खिडकीपाशी नेली.

आता खाणं मी घालत होते, अगदी मोजून, तरी मासे मरतच होते. यावरून तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मी कसली ऐकतेय! तीन उरले तेव्हा तावातावाने दुकानात गेले. "कसले रोगट मासे दिलेत हो?"

"पाणी कुठलं घालता, ताई?"

मी ऐटीत सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला. "तांबं? अहो, ते पाण्यात उतरतं. तुम्हाला-आम्हाला चालतं, पण या एवढ्याशा जिवांना विष आहे ते."

लागली वाट. रिक्षात बसल्यावर मला रडूच कोसळलं, आणि ते माशांसाठी नव्हतं.

घरी आले तर बाबा खिडकीपाशीच होते. चपलाही न काढता त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "बाबा, मासे माझ्यामुळे मेले. हंड्यातल्या पाण्याने."

त्यांना आधी कळलंच नाही. "म्हणजे जास्त खाण्याने नाही?"

"नाही."

"माझ्या हातून नाही गेले ते?"

"नाही हो, बाबा."

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की मला माझीच शरम वाटली. मी ओरडल्यापासून हा माणूस आपण सात जीव मारले असं समजून, माझ्याच हातचं मुकाट्याने जेवत होता.

"शिव्या तरी घाला मला," मी म्हटलं.

"कशाला गं?" बाबा म्हणाले. "तुझ्याकडून झालं ना? मग चुकूनच झालं असणार."