गिरणीवाल्या बाईंची साक्ष

शेळगावच्या आमच्या पिठाच्या गिरणीवाल्या बाईंना हळू बोलताच येत नाही. गिरणीच्या घरघरीवर बोलून बोलून गळाच तसा झालाय. रविवारी चर्चच्या उपासनेतही त्या गिऱ्हाइकाला हाक मारावी तशी प्रार्थना करतात आणि पुढच्या म्हाताऱ्या कानावर पदर घेतात. भुवयांवर पीठ असतंच. मला त्यांची जरा भीतीच वाटते.

परवा गिऱ्हाइकाच्या गव्हात बाजरी पडली, म्हणून त्यांनी दहावीतल्या लेकीच्या थोबाडीत मारली. मी दळण घेऊन तिथंच रांगेत उभा होतो. पोरगी रडली नाही, डबा उचलून आत गेली.

रविवारी साक्षीची वेळ आली. एरवी लोक उठून, आजार बरा झाला, नोकरी लागली म्हणून देवाचे आभार मानतात. बाई उठल्या आणि थेट लेकीकडं वळल्या.

"पोरी, मी तुला मारलं. माझं चुकलं. मला माफ कर."

पाळकसाहेब अवघडले. "बाई, चूक तिची होती ना? आई अशी वाकली की धाक राहत नाही. घरात बोला हे."

"बाजरी तिनंच घातली, साहेब. पण हात माझा हुता." आवाज गिरणीतलाच. "समद्या गिऱ्हाइकांपुढं मारलं, अन् माफी तेवढी घरात मागू व्हय?"

साहेबांनी घाईनं गीत सुरू केलं. सगळे उठले, गायले, बसले. बाई मात्र लेकीकडं तोंड करून उभ्याच राहिल्या, पोरीनं पदर ओढून शेजारी बसवेपर्यंत.