शेवटून पहिल्या मुलीचे ठोके

बाईंनी मुलींच्या शाळेत उभी हयात खेळ शिकवला. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट आणि अंगात वारं. मैदानाला फेऱ्या मारायच्या तेव्हा त्या स्वतः सगळ्यांच्या पुढे पळायच्या आणि पळता पळता मागे वळून बोलायच्याही. दम लागणं म्हणजे आळसाचं सोंग, असं त्यांचं ठाम मत होतं.

निवृत्त झाल्या आणि लगेच त्यांची आई अंथरुणाला खिळली. बाईंनी तिचं सगळं केलं, मनापासून केलं. पण घराबाहेर पाऊल पडेना, जेवणाला वेळकाळ राहिला नाही, आईच्या ताटात उरलेलं टाकवत नसे म्हणून तेही पोटात जाई. आई गेली तोवर बाई चांगल्याच सुटल्या होत्या.

"आता जरा स्वतःकडे बघ," म्हणत मुलाने हातात बांधायचं घड्याळ आणून दिलं. चालता-पळताना हृदयाचे ठोके दाखवणारं. बाईंनी नवे बूट घेतले, तळ्याकाठचा रस्ता गाठला आणि सवयीच्या वेगाने पळायला लागल्या. दुसऱ्या बाकापर्यंत पोचतात न पोचतात तोच घड्याळ थरथरलं. एकशे अडुसष्ट.

बाई मटकन बाकावर बसल्या. पूर्वी मानेवर बोट ठेवून मोजायच्या तेव्हा याच वेगाला एकशे तीसच्या वर आकडा जात नसे. हृदय कामातून गेलं, असं त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं. कोणाला काही बोलल्या नाहीत. रोज सकाळी बूट घालून निघायच्या आणि कोपऱ्यावरच्या वाचनालयात पेपर वाचत बसायच्या.

घड्याळाने चहाडी केली. मुलाच्या फोनवर ठोके, पावलं, ठिकाण, सगळं दिसत होतं.

"आई, तू चालतेस की पेपर चालतो?" तो म्हणाला आणि त्यांना हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.

डॉक्टरांनी अंगाला वायरी चिकटवून त्यांना फिरत्या पट्ट्यावर चालवलं, कागद नीट पाहिला आणि म्हणाले, "हृदय ठीक आहे तुमचं. काळजी सोडा."

"मग एवढा आकडा?"

"तुमची सवय मोडलीय आणि वजन वाढलंय. भरलेली पिशवी पाठीला बांधून त्याच वेगाने पळा म्हटलं तर हृदयाला जास्त राबावं लागणारच ना? तो आकडा तुमचा वेग नाही सांगत, मेहनत सांगतो. सध्या चाला. चालताना सहज बोलता आलं पाहिजे, इतपतच. हळूहळू त्याच चालीला ठोके कमी होत जातील. छातीत दुखलं, गरगरलं, तर मात्र थांबा आणि थेट इकडे या."

मुलाचा जीव भांड्यात पडला. बाई मात्र खुर्चीतून उठल्या नाहीत.

"डॉक्टर, म्हणजे एखादी जाड मुलगी पळताना मागे पडते तेव्हा…"

"तेव्हा कित्येकदा तीच सगळ्यांत जास्त कष्ट करत असते. बघणाऱ्याला ते दिसत नाही, एवढंच."

घरी येईपर्यंत मुलगा बोलत होता. बाईंच्या डोळ्यांसमोर एकच मुलगी होती. लाल झालेला चेहरा, कपाळाला चिकटलेले केस, कायम शेवटून पहिली. "आली बघा आपली मालगाडी," असं बाईच एकदा म्हणाल्या होत्या. अख्खा वर्ग हसला होता. पुढे शाळा संपेपर्यंत त्या मुलीला कोणी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. एकदा ती म्हणाली होती, "बाई, छाती धडधडतेय." बाईंनी तिला आणखी एक फेरी मारायला लावली होती.

ती आता बाजारात चष्म्याचं दुकान चालवते, हे त्यांना ठाऊक होतं. त्या गेल्या. तिने लगेच ओळखलं, खुर्ची दिली, डोळे तपासले. भिंगं बदलता बदलता विचारत राहिली, "आता स्पष्ट दिसतंय? आणि आता?"

"मी तुला फार वाईट वागवलं," बाई म्हणाल्या. "तू सोंग करत नव्हतीस. मला आत्ता कळलं."

तिने हातातलं भिंग पुसून डबीत ठेवलं.

"मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी खोट आहे," ती शांतपणे म्हणाली. "अजूनही जिन्यावर मागे कोणी असलं की मी बाजूला उभी राहते. त्याला पुढे जाऊ देते. कोणी माझा श्वास ऐकू नये म्हणून."

"मी तळ्यावर चालायला जाते," बाई म्हणाल्या. "अगदी सावकाश. येशील?"

"नको, बाई." आवाजात राग नव्हता. "चष्मा शुक्रवारी मिळेल."

शुक्रवारी काउंटरवरच्या माणसाने चष्मा दिला. मालकीणबाई कामात आहेत, म्हणाला. आतल्या खोलीतून तिचा आवाज येत होता, कोणाला तरी अक्षरं वाचायला सांगत होती. बाई थोडा वेळ घुटमळल्या, मग निघाल्या.

त्या आता रोज चालतात. काही महिन्यांत आकडा बराच खाली आला. मुलाला फार आनंद झाला, तो फोन उघडून आल्यागेल्याला दाखवतो. बाई बघतात, मान हलवतात आणि दुसरा विषय काढतात.