फरशीच्या मापाचं छप्पर

गल्लीत तिला सगळे मापबाई म्हणायचे. गळ्यात टेप अडकवल्याशिवाय ती दारसुद्धा उघडत नसे, आणि कापडवाल्याने बोटभर कापड कमी दिलं तर त्याची धडगत नसे. तिच्या घराचं छप्पर मात्र तिला भीक घालत नव्हतं. शिवणाच्या खोलीत ते आधी एका कोपऱ्यात गळायचं, तिथे कायमची बादली असायची; मग जागोजागी गळायला लागलं. एकदा गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर गंजाचा थेंब टपकला. मापबाई मशीनवरून उठली आणि म्हणाली, "बस्स झालं!"

मुलाचं म्हणणं वेगळंच. "आई, घर विक आणि माझ्याकडे ये. आमच्याकडे छपराची कटकटच नाही, वर दुसऱ्यांचं घर आहे." त्याच्या फ्लॅटमध्ये तिच्यासाठी जागा होती, मशीनसाठी नव्हती. मशीन गेलं की गिऱ्हाइकं गेली, आणि मग ती उरणार नुसती आजी. नातवंडांवर तिचा जीव होता, पण नुसती आजी व्हायची तिची अजिबात तयारी नव्हती. बाजूला टाकलेले पैसे एकाच छपराचे होते. काम फसलं तर मुकाट्याने बोचकं बांधायचं.

म्हणून तिने चौकशीचा धडाका लावला. एकाने फोनवरच भाव सांगितला, त्याला तिने तिथल्या तिथे कटवलं. "माप न घेता कोट बेततोस होय रे?" बाकीच्यांना ती म्हणायची, तुमचं सगळ्यात जुनं काम दाखवा, नवं तर कुणाचंही चमकतं. अशानेच ती एका छपरवाल्याचं सगळ्यात जुनं काम बघायला चौकातल्या बेकरीत पोचली आणि बेकरीवाली हो-नाही म्हणायच्या आत शिडी लावून माळ्यावर चढली. कपडा कसा शिवलाय ते तो उलटा केल्यावरच कळतं. तिने बॅटरी मारून पत्र्यांची आतली बाजू न्याहाळली. वासे कोरडे खडखडीत होते.

"माझी लेक रांगत होती तेव्हाचं काम आहे," बेकरीवाली खालून ओरडली. "आता ती कॉलेजात जाते. आणि तुम्ही उतरा आधी, पडाल!"

छपरवाला घरी आला. फारसं न बोलता वर चढला, आढ्यापासून वळचणीपर्यंत दोरी टाकली आणि उतरून किती पत्रा लागेल ते सांगितलं. मापबाईचं माप तयारच होतं. स्वतः गुडघ्यांवर बसून, टेप लावून, तिने घराची लांबी-रुंदी मोजली होती. त्याचं माप त्याहून चांगलंच मोठं निघालं.

"अहो, माझं घर रातोरात वाढलं की काय?"

"ताई, वरती एवढंच भरतंय. कसं आहे, की…"

"मला माप शिकवता? जन्म गेला माझा टेप धरण्यात!"

छपरवाल्याचा चेहरा पडला. शिडी खांद्यावर टाकून तो चालता झाला.

मग आला गोडबोल्या. हे नाव अर्थातच तिने नंतर ठेवलं. तो छपरावर चढलाच नाही. खुर्चीत बसून चहा पीत त्याने मापबाईलाच हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. "तुम्ही म्हणाल ते माप, मॅडम. तुमच्यासमोर आम्ही काय बोलणार?" मापबाई इतकी खूश झाली, की जुनं काम दाखवा म्हणायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला आगाऊ रक्कम द्यायचं ठरलं.

त्याच संध्याकाळी शेजारीण आपल्या मुलीच्या घेरदार फ्रॉकसाठी कापड घेऊन आली. मापबाईने ते हातभर उलगडलं आणि मान हलवली. "कमी पडेल."

"एवढीशी तर पोर! कंबर बघा की हिची."

"कंबरेवरून घेर बेतत नाहीत, बाई. घेर खाली पसरत जातो, त्याला कापड…"

मापबाईचं तोंड उघडंच राहिलं. तिने वर पाहिलं. छप्पर दोन्ही अंगांनी उतरत होतं आणि भिंती ओलांडून पुढे गेलं होतं. आणि तिने काय मोजलं होतं? फरशी! जन्मभर घेर शिवणाऱ्या बाईने आपल्या घराचा फ्रॉक कंबरेच्या मापावर बेतला होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ती संतापली. तिच्या चुकीच्या मापाला तो माणूस नंदीबैलासारखा मान डोलावत होता! एक तर त्याला कामातलं ओ की ठो कळत नव्हतं, नाहीतर अर्धं घर उघडं करून कमी पडलेल्या पत्र्यांच्या पैशांसाठी तो तिला कोंडीत पकडणार होता.

सकाळी गोडबोल्याची तिने दारातूनच बोळवण केली आणि तडक छपरवाल्याचं घर गाठलं.

"चुकलं माझं. मी फरशी मोजली होती."

"ते माझ्या लक्षात आलं होतं," छपरवाला हसू दाबत म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलू दिलंत तर ना, ताई!"

मापबाई खो खो हसली. कित्येक दिवसांनी तिला हलकं वाटलं.

काम चाललं तेव्हा ती टेप गळ्यात घालून खाली उभीच असायची. एका पत्र्याची कड दुसऱ्यावर चांगली चढवलेली पाहून तिने पसंतीची मान डोलावली. शिवणीला कापड सोडायचं असतं, हे या माणसाला कळत होतं. खर्च गोडबोल्याच्या आकड्याहून जास्त झाला, पण सांगितला होता तेवढाच झाला.

पुढे एका धो धो पावसात मुलगा आला. सवयीने पाय उचलून बादली ओलांडायला गेला, तर तिथे बादलीच नव्हती. तो बराच वेळ छपराकडे बघत राहिला. मापबाई मशीन चालवत होती आणि मनातून घाबरली होती, की हा पुन्हा घर विकायचं काढतो की काय.

मुलाने पिशवीतून पँट काढली. "आई, ही जरा आखूड करून देशील? उद्या हवी होती."

"उद्या?" मापबाईने मशीन न थांबवता चष्म्यावरून पाहिलं. "तुझ्याआधी चौघं आहेत. तिथे ठेव."

बादली असायची त्या कोपऱ्यात आता गिऱ्हाइकांच्या कपड्यांचा ढीग होता. मुलाने पँट नीट घडी घालून त्या ढिगाच्या सगळ्यात खाली ठेवली.